मोंढ्यातली मांजरं आणि काशीबाईची चिंगी

रिकामं पोतं कितीही झटका, शिवणीत चार दाणे अडकून राहतातच. आज तूर, उद्या सोयाबीन, परवा हरभरा. हंगाम संपेपर्यंत त्या शिवणीत सगळ्या पिकांची भेसळ होऊन बसते. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीचं आणि बी-बियाण्याचं दुकान चालवून माझ्या डोक्याचंही तसंच झालं आहे. माणसांचे किस्से साचतात, ते ठीक. पण माझ्याकडे सगळ्यात जास्त साचले ते मांजरांचे! शाळा सातवीपर्यंत, तेव्हा शास्त्रातलं काही विचारू नका. जे पाहिलं ते सांगतो.

सौदे आटोपले की तीनच्या सुमारास माझ्या गादीवर चहा व्हायचा. बसणारे चौघं ठरलेले. एक मी, मला सगळे अप्पा म्हणतात. दुसरे रशीदभाई, शेजारचे बारदानवाले, म्हणजे पोती विकणारे. आमची भिंत एकच. तिसरे डॉक्टर कांबळे, जनावरांच्या दवाखान्यातले. आणि चौथी काशीबाई. ती आपल्या मेससाठी डाळ न्यायला यायची आणि चहा घेऊन, आम्हा तिघांना चार शब्द सुनावून जायची.

*

आधी काशीबाईचाच सांगतो, कारण बाकीचे त्यातूनच निघाले.

ती औशाच्या पलीकडची, भूकंपाच्या पट्ट्यातली. जमीन हलली तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला लातुरात आली होती, म्हणून वाचली. घरात नवरा होता, दोन लेकरं होती. तिसऱ्या दिवशी ती गावात पोचली तेव्हा दगडांच्या ढिगावर तिची मांजर बसली होती. ठकी तिचं नाव. ठकीला घेऊन काशीबाई टिनशेडच्या वस्तीत राहायला गेली.

तिथं याद्या करणारा एक कारकून आला.

"कुटुंबात किती जण?"

"दोन."

"दुसरं कोण?"

"ती बसलीय की."

कारकुनानं मांजरीकडे पाहिलं, काशीबाईकडे पाहिलं. कागदावर एक लिहिलं आणि घोंगड्या दोन दिल्या!

हा किस्सा काशीबाई स्वतः हसत सांगायची. पण ठकीच्या बाबतीत ती चेष्टा ऐकून घ्यायची नाही. "माझ्या घरातलं जित्तं म्हनून येवढंच उरलंय," म्हणायची. ठकीनंतर तिची लेक, तिच्यानंतर नात चिंगी. 'आता पिल्लं बंद कर' असं आम्ही म्हणालो की काशीबाईचं हे एकच वाक्य पुढे यायचं. त्या वाक्यापुढे आमच्या बैठकीचं शहाणपण कितीतरी वर्षं चाललं नाही.

*

आता आमचं शहाणपण तरी काय होतं ते ऐका.

धान्याच्या दुकानात मांजर लागतंच. माझ्याकडे भागी होती. वर्षातून दोनदा, कधी तीनदा व्यायची. पिल्लं महिना-दीड महिन्याची झाली की मोंढ्यातली जुनी रीत अशी: पोत्यात घालायची, पोत्याला हवेसाठी भोकं पाडायची आणि माल रिकामा करून परतणाऱ्या ट्रॅक्टरवर ठेवून द्यायची. ट्रॅक्टरवाल्यानं वाटेत कुठल्याही गावाला सोडायची. खेड्यात दूध असतं, उंदीर असतात, पिल्लांचं कल्याणच झालं असं आम्ही समजायचो. काशीबाईकडच्या ठकीची पिल्लंसुद्धा मीच अशी पाठवली. कुठं पोचली, जगली का, कोणी विचारलं नाही. मीही नाही.

एकदा जळकोटकडचा एक शेतकरी सोयाबीन घेऊन आला. मोंढ्यात तेव्हा कडता कापायचे, म्हणजे ओल आणि कचऱ्यापोटी वजनातून थोडं वजा करायचे. सगळी पोती मोजून झाली, एक राहिलं. ते आपलंआपणच हललं!

शेतकऱ्यानं शांतपणे तोंड सोडलं. आत दोन मोठी मांजरं. एकाचा डोळा गेलेला, दुसरं नुसता सापळा.

"अप्पा," तो म्हणाला, "ह्येचा तेवढा कडता कापू नका. ह्यो माल तुमचाच हाय. आमच्या गावात आता उंदरापरीस मांजरं जास्त झालीत!"

त्या दिवसापासून माझ्या दुकानातून मांजराचं पोतं गेलं नाही.

*

उपाय डॉक्टर कांबळ्यांनी सांगितला. "ऑपरेशन करा. मादीचं पण होतं, बोक्याचं पण होतं."

रशीदभाईंच्या गोदामात पहिलवान नावाचा बोका होता. ते चमकलेच. "डॉक्टरसाब, बैलाला खच्ची करतात ते औताला जुंपायला. माझ्या बोक्याला काय तिफन ओढायला लावता?"

डॉक्टर म्हणाले, "कालच्या मारामारीत त्याचा एक कान गेला ना? तिफनीला जुंपला असता तर कान तरी शाबूत राहिला असता!"

मी म्हणालो, "मग भागीचं तुम्हीच उरकून टाका."

"मी बैल-म्हशींचा माणूस, अप्पा. या कामाला बारीक हात लागतो. नांदेडला एक मॅडम आहेत, उदगीरच्या जनावरांच्या कॉलेजात शिकलेल्या. तिकडं न्या."

*

तर भागी निघाली नांदेडला. आदल्या रात्रीपासून तिला उपाशी ठेवायचं होतं. आमचं घर शाकाहारी, सोमवार पाळणारं. उपास करवून घेणं आम्हाला काय अवघड? घरच्यांनी दुधाची वाटी उचलून फडताळात ठेवली.

एसटीत टोपली मांडीवर घेऊन बसलो. आतून 'म्याऊ' झालं आणि शेजारचा गृहस्थ उठून उभाच राहिला. "मांजर आडवं गेलं तर लोक गाडी थांबवतात, अन् तुम्ही गाडीतच घेऊन बसलाय!"

कंडक्टर लातूरचाच. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "बसा काका. आत बसलंय म्हणजे आडवं कसं जाईल? आज आपली गाडी सगळ्यात सेफ!"

नांदेडला मॅडमनी भागीचं पोट दाबून पाहिलं. "सकाळी काय खाल्लं हिनं?"

"काही नाही. कडक उपास."

इतक्यात भागीनं टेबलावरच उलटी केली. त्यात चांगले खिम्याचे तुकडे!

परत आलो. भिंतीपलीकडे हाक मारली. रशीदभाई हळहळून म्हणाले, "काय करू अप्पा, बिचारी ऑपरेशनला चालली, तोंड एवढंसं झालेलं. मी म्हटलं, उपाशीपोटी कसं पाठवायचं?"

तेव्हा कळलं की भागी इतकी वर्षं माझ्याकडे दूध पिऊन सोवळ्यानं राहत होती आणि दोन पावलांवर रोज दावत झोडत होती.

दुसऱ्या वेळेला मॅडमनी विचारलं, "कधीची तारीख देऊ?"

मी म्हणालो, "मॅडम, रमजानमधली द्या. दिवसा शेजारून डबाच येत नाही!"

ऑपरेशन नीट झालं. भागी त्यानंतर खूप वर्षं जगली, अंगानं भरली आणि उंदीर पहिल्यापेक्षा जास्त धरू लागली. दारापुढचं बोक्यांचं रडगाणंही थांबलं. रशीदभाई तिला घास टाकताना म्हणायचे, "रिटायर झाली, पण ड्यूटी सोडली नाही."

*

तोवर लातूर बदललं होतं. भूकंपात बाहेरून मदतीच्या गाड्या आल्या होत्या, आता पोरांना सोडायला गाड्या येऊ लागल्या. जिकडं बघावं तिकडं क्लासच्या पाट्या. ज्याच्याकडे दोन खोल्या, त्यानं होस्टेल काढलं. काशीबाईनंही एक जुनी इमारत भाड्यानं घेऊन मेसला जोडून मुलींचं होस्टेल सुरू केलं. चाळीस मुली आणि चिंगी.

त्यात नांदेडच्या एका कापडवाल्याची मुलगी आली, श्वेता. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि मांजराशिवाय अभ्यास होत नव्हता. वडिलांनी गाडीतून मांजर आणून सोडलं. पर्शियन बोका! नाव प्रिन्स. तोंड चपटं, केस झाडूसारखे.

पहिल्याच दिवशी श्वेतानं काशीबाईला सांगितलं, "मावशी, प्रिन्सला आंघोळीला दोन बादल्या पाणी लागेल."

काशीबाई चुलीपासून उठून आली. "बाई गं, तू लातुरात आलीस. हितं मानसं टँकरची वाट बघून राहिलीत. हितलं मांजर जिभेनं आंघोळ करतंय, आनि त्येच बरुबर हाय!"

*

प्रिन्सला आंघोळ मिळाली नाही, पण चिंगी मिळाली.

चिंगीला चार पिल्लं झाली. लोकरीच्या गुंड्यासारखी. सगळ्या मोंढ्यात बोभाटा झाला: काशीबाईकडे अर्धी पर्शियन पिल्लं! आणि इथं माझ्यातला व्यापारी जागा झाला. खोटं कशाला सांगू, ही चूक सर्वस्वी माझी. पेरणीचे दिवस होते. मी काशीबाईला म्हणालो, "पिल्लांना चांगली घरं मी मिळवून देतो." आणि दुकानात जाहीर केलं: नेहमीच्या गिऱ्हाइकाला बियाण्यासोबत एक पिल्लू भेट. कोणी विचारलं, हे कुठलं वाण? मी ऐटीत सांगायचो, "हायब्रीड!"

चार दिवसांत चार पिल्लं गेली. तीन महिन्यांनी एक जण पिशवी घेऊन आला.

"अप्पा, बियाणं उगवलं. मांजर बोगस निघालं!"

"म्हणजे?"

"केस येईनात. तुम्ही हायब्रीड म्हनला, ह्ये तर साधं गावरान निघालं. बदलून द्या!"

मी त्याला समजावू लागलो, की जनावर आहे, ते आईवर जाईल, बापावर जाईल. तो म्हणाला, "मग लेबलवर का लिवलं न्हाई?"

आता हसू येतं. पण ते पिल्लू मी पिशवीतून बाहेर काढलं तेव्हा ते उभं राहीना. बाकीच्या तिघांची चौकशी केली. केसांचा ताप झाला म्हणून एकाला रिंगरोडला सोडून दिलं होतं, ते गाडीखाली गेलं. एकाला श्वासाचा त्रास होता, ते पावसाळ्यात गेलं. एकाचा पत्ताच नाही. परत आलेलं आठवडाभर काशीबाईच्या पदराखाली होतं, मग तेही गेलं.

शौकानं मांजर मागणारा केस मागतो, मांजर मागत नाही. हे मला कळायला चार पिल्लं लागली.

काशीबाई मला रागानं काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "अप्पा, बियान्याला तुम्ही गॅरंटी देता का?"

"नाही."

"मग ह्येला कशी दिली?"

*

त्यानंतर बैठकीत रोज हाच विषय. चिंगीचं ऑपरेशन करा. काशीबाई मान हलवायची. "हिचं केलं तर ठकीची वेल हितंच खुंटली."

एक दिवस आमच्या घरच्या, म्हणजे सौभाग्यवती, चहा घेऊन आल्या होत्या. आम्ही तिघं पुरुष काशीबाईला पटवून देत होतो. घरच्यांनी ट्रे ठेवला आणि म्हणाल्या, "आपल्या गल्लीत ऑपरेशन कुणाकुणाची झालीत? सगळी बायकांचीच. आता मांजरात पण पाळी बाईचीच का? तो पहिलवान अन् तो प्रिन्स कुठं गेलेत? देवदर्शनाला?"

डॉक्टरांनी चहात बिस्कीट बुडवलं ते बुडालंच. रशीदभाई छताकडे बघू लागले.

दुसऱ्याच आठवड्यात पहिलवान नांदेडला जाऊन आला. रशीदभाईंनी त्याला चादरीत गुंडाळून नेलं. मी विचारलं, "थंडी वाजते का त्याला?" तर म्हणाले, "आहिस्ता बोला अप्पा, त्याची इज्जतीची गोष्ट आहे!"

प्रिन्सचं मात्र अडलं. श्वेताचे वडील फोनवर ऐकेनात. "खानदानी बोका आहे तो! त्याचा वंश वाढला पाहिजे. तुला काय कळतं त्यातलं?"

काशीबाईच्या होस्टेलचा फोन स्वयंपाकघरात, त्यामुळे उत्तर सगळ्या मुलींनी ऐकलं.

"पप्पा, रिप्रॉडक्शनचा चॅप्टर बारावीला आहे. मला सगळा पाठ आहे. म्हणून दाखवू का इथून?"

वडिलांनी घाईघाईनं "नको, नको, काय करायचं ते कर" म्हणून फोन ठेवला!

*

पण एक प्रिन्स आणि एक पहिलवान बाजूला झाला म्हणून मोंढ्यातले बाकीचे बोके थोडेच संन्यास घेणार होते? चिंगी पुन्हा व्याली. या वेळची पिल्लं उलट्या-जुलाबाच्या साथीत गेली. त्यानंतर ती तिसऱ्यांदा गाभण राहिली, आणि अडली. सकाळपासून दुपारपर्यंत कण्हत होती. डॉक्टर कांबळे म्हशींना सरावलेले हात घेऊन आले आणि जमेल तेवढ्या हळुवारपणे त्यांनी दोन मेलेली पिल्लं काढली. घामानं भिजले होते.

"काशीबाई," ते म्हणाले, "ही वाचली, माझं नशीब. पण परत गाभण राहिली तर मला बोलवू नका. मला बघवणार नाही."

काशीबाई चिंगीला कापसानं दूध पाजत राहिली.

दीड-दोन महिने गेले. चिंगी हिंडायला लागली, खायला लागली. आणि एका दुपारी काशीबाई डाळीची पिशवी न घेताच आली. म्हणाली, "अप्पा, नांदेडची गाडी किती वाजता हाय?"

रशीदभाईंनी दुकान भावाच्या हवाली केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. चिंगी टोपलीत. वाटभर काशीबाईचा हात टोपलीवर. रशीदभाई एरवी एसटीत अख्ख्या गाडीची करमणूक करतात, त्या दिवशी खिडकीबाहेर बघत बसले.

दवाखान्यात मॅडमनी चिंगीला तपासलं. मॅडम वयानं लहान, स्वभावानं गोड. काशीबाईचा चेहरा पाहून त्यांना वाटलं, बाई घाबरली आहे. म्हणाल्या, "मावशी, काही काळजी करू नका. छोटा टाका असतो. दोन-तीन दिवसांत हिंडायला लागेल."

"ठाव हाय," काशीबाई म्हणाली. "माझं बी झालतं. धाकट्याच्या पाठीवर. तिसऱ्या दिशी खुरपायला गेलते मी."

मॅडम हसल्या. "मग तर तुम्हाला सांगायलाच नको! धाकटा काय करतो आता?"

रशीदभाईंनी खाली बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

काशीबाई म्हणाली, "तुमचं चालू द्या."

मॅडमनी कागद पुढे केला. "इथं सही. एकदा झालं की परत पिल्लं नाहीत हां, मावशी. ते सांगणं माझं काम आहे."

काशीबाईनं पेन घेतलं. आणि मला काय झालं कोण जाणे. इतकी वर्षं जो माणूस तिच्या मागं लागला होता, कर म्हणून, तोच मी मध्ये पडलो. म्हणालो, "काशीबाई, थांबा. एकदा विचार करा. ठकीच्या वेलीतली ही शेवटची आहे. त्या घरातली शेवटची."

काशीबाईनं सही केली. सावकाश, एकेक अक्षर. पेन मॅडमना परत दिलं, टोपलीचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"शेवटची कशी, अप्पा? मी हाय की!"